हुकूम, सवाल आणि नसीमआपा

आमच्या नसीमआपा कुठल्याही मीटरला कामाला लावण्याआधी त्याचं नाव विचारतात. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. "मियाँ, आपकी तारीफ?" असं म्हणायचं, संगणकावर एक चांदणी, तीन इंग्रजी अक्षरं आणि एक प्रश्नचिन्ह उमटवायचं, आणि हात मांडीवर ठेवून वाट बघायची. पडद्यावर उत्तर येतं: कंपनी अमुक, मॉडेल तमुक, कारखान्यातला क्रमांक हा. आपा समाधानानं मान डोलावतात आणि म्हणतात, "बैठो." मीटर सकाळपासून टेबलावरच बसलेला असतो, पण आपांनी सांगितल्याशिवाय तो बसला असं आमच्याकडे धरत नाहीत.

मी मूळचा जळकोटचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी आपांनी माझ्याकडे बघून हा प्रश्न टाकला, तेव्हा मला वाटलं की त्या मला मीटरचं कौतुक करायला सांगतायत. आमच्या गावात तारीफ म्हणजे कौतुक. नवी नोकरी, वरिष्ठ बाई, म्हणून मी घसा खाकरून म्हणालो, "चांगलाय की. रंग बी झ्याक हाय." आपांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तारीफ म्हंजे नाव. पैले नाव. कौतुक काम केल्यावर."

नांदेडच्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारात, मागच्या अंगाला, आमची प्रयोगशाळा आहे. दुकानदाराची वजनमापं जशी तपासून घ्यावी लागतात, तसे वीज मोजणारे मीटरही तपासावे लागतात. नाहीतर मीटर दहा म्हणतो, तारेत असतात अकरा, आणि मध्ये माणूस असतो. हातातले लहान मीटर तपासायला सोपे. टेबलावरचे मोठे मात्र मानी असतात. त्यांना संगणकाला तारेनं जोडलं की समोरची बटणं मुकी होतात, आणि मग ते फक्त लेखी आज्ञा ऐकतात. या आज्ञांना सगळं जग कमांड म्हणतं. आपा हुकूम म्हणतात. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तो सवाल. हुकूम दिला की मीटर मुकाट्यानं काम करतो. सवाल केला तर जवाब तयार करून धरतो, आणि तो जवाब तुम्ही उचलून घेतलाच पाहिजे. न घेता दुसरं काही फर्मावलंत तर मीटर टीं करून ओरडतो आणि आपल्या वहीत चूक मांडून ठेवतो: चूक नंबर चारशे दहा.

हा चारशे दहा आपांना फार आवडला. इतका, की त्यांनी तो माणसांना लावला. सकाळी एखादा कारकून "कसं काय आपा, बरंय का?" असं म्हणत न थांबता पुढे गेला, की आपा त्याच्या पाठीकडे बघून शांतपणे म्हणतात, "चारशे दहा." सवाल टाकला आणि जवाब न घेता पळाला. आमच्या संस्थेत चारशे दहांची कमतरता नाही. मीसुद्धा घरी फोन करून "जेवलीस का" विचारायचो आणि ऐकायच्या आधीच "ठेवतो" म्हणायचो. आपांनी एकदा ते ऐकलं आणि जवाब घेऊन मगच फोन ठेवायला लावलं. तेव्हापासून माझी बायको संगीता माझ्यापेक्षा आपांची जास्त बाजू घेते.

याच्या उलट चूक म्हणजे काही न विचारताच उत्तराची वाट बघत बसणं. तिचा नंबर, मीटर बनवणाऱ्यांना आपला कायदा काय ठाऊक, नेमका चारशे वीस. माहूरचे एक दुकानदार आपला मीटर घेऊन आले होते. भिडस्त माणूस. खिडकीशी उभे राहिले, काही बोलेनात, नुसते आपांच्या तोंडाकडे बघून हसत राहिले. आपा वळून मला म्हणाल्या, "बघा माधवराव, हे चारशे वीस." झालं. त्या गृहस्थांचा चेहरा लालबुंद झाला. देवीच्या गडाच्या पायथ्याशी तीन पिढ्यांचं दुकान आहे, आजवर कुणी बोट दाखवलं नाही, आणि इथं येऊन हे ऐकायचं, असं बरंच काही झालं. आपांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, मीटर जोडला, न विचारता उत्तर मागून दाखवलं, मीटर ओरडला, पडद्यावर चारशे वीस उमटलं. गृहस्थ बघतच राहिले. मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आता दर नवरात्रात त्यांच्याकडून प्रसाद येतो, आणि आधी फोन येतो, "आपा, माहूरहून चारशे वीस बोलून राहिलो."

तर अशा आमच्या आपा. मीटर चालू केल्यावर तासभर त्याला कुणी हात लावायचा नाही हा त्यांचा आणखी एक नेम. मीटर आतून सारखा तापल्याशिवाय खरं बोलत नाही, हे शास्त्र झालं. आपा म्हणतात, "मियाँ आत्ता उठून राहिलेत." गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, मुखेडची शेवटची एसटी चुकत असो, मियाँ उठेपर्यंत गिऱ्हाइकानं बसायचं. कुणी कुरकुर केली तर आपा त्याला विचारतात की तुम्हाला झोपेतून उठवून कुणी लगेच पाढे म्हणायला लावले तर चालेल का.

संस्थेचे अध्यक्ष अण्णा. माणूस मनानं मोकळा, पण हिशेबी. नांदेड काय न् लातूर काय, आमच्या भागात रिकामी खोली दिसली की क्लासवाल्यांना तिचा वास लागतो. आमची खोली तर रिकामीही नव्हती, पण ती थंड होती. मीटरच्या तब्येतीसाठी एसी बारा महिने चालू. एका डॉक्टरकीच्या क्लासवाल्यानं ती खोली पाहिली आणि अण्णांच्या मागं लागला. अण्णा एक दिवस आले, एसीखाली उभे राहून घाम पुसला, आणि म्हणाले, "आपा, साफ सांगतो. तुमच्या प्रयोगशाळेला यंदा सरकारमान्य शिक्का मिळाला तर ही खोली तुमची. न्हाई मिळाला तर क्लासची. तुम्हाला मग प्रवेशाच्या खिडकीवर बसवू, तिथं बी पंखा हाय."

मला वाटलं आपा भडकतील. त्या म्हणाल्या, "हौ. सवाल बरोबर हाय अण्णा. आता जवाब येईपर्यंत थांबा."

शिक्का मिळवायचा तर पुण्याहून परीक्षक येणार, सगळं उलटंपालटं करून बघणार. आपा तयारीला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला धाकधूक होती, आणि तिचं मुख्य कारण म्हणजे आपांची कार्यपद्धती. कार्यपद्धती म्हणजे मीटर कसा तपासायचा, दुरुस्त करायचा, याच्या पायरीपायरीच्या सूचना. सगळीकडे त्या इंग्रजीत असतात. आपांनी मराठीत लिहिल्या होत्या. मी म्हणालो, पुण्याचे साहेब नाक मुरडतील. आपा म्हणाल्या, नियमात काय लिहिलंय, काम करणाऱ्याला कळेल अशी भाषा. "इथं काम कोण करतं? तुम्ही. तुमचं इंग्रजी मी ऐकलंय, माधवराव." 

परीक्षक आले. देशमाने त्यांचं नाव. सडसडीत, मितभाषी, कोमट पाण्याची बाटली स्वतःची स्वतः आणलेली. आपांनी त्यांना "आपकी तारीफ?" विचारलं तेव्हा ते जरासे गोंधळले, पण मी डोळ्यांनी खूण केल्यावर त्यांनी नाव सांगितलं. "बैठो," आपा म्हणाल्या आणि मग जीभ चावली.

सकाळभर त्यांनी सगळं पाहिलं. खोलीचं तापमान, तारा, शिक्के. मराठी कार्यपद्धती हातात घेतली, दोन पानं वाचली, नाक वगैरे काही मुरडलं नाही. मग देगलूरच्या एका कारखान्याचा मोठा मीटर तपासायला आला होता, त्याच्याकडे बोट दाखवलं. "पद्धत इतकी स्पष्ट पाहिजे की तिऱ्हाईतानं वाचून काम करावं. हा मीटर मी स्वतः दुरुस्त करणार, तुमच्या कागदावरून. तुम्ही दोघांनी एक शब्द बोलायचा नाही."

आपांना शब्द न बोलता बसवणं ही शिक्षा काय असते ते मी त्या दिवशी पाहिलं. पदराचं टोक तोंडाशी धरून त्या स्टुलावर बसल्या. अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. देशमान्यांनी पहिली ओळ वाचली, 'मीटरला नाव विचारा,' आणि विचारलं. नाव आलं. आपांचा चेहरा उजळला. दुसरी ओळ, 'तासभर थांबा.' साहेब खरोखर थांबले, घोट घोट पाणी पीत. आपांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू सोयरीक जुळली.

आणि तिसऱ्या ओळीवर गाडी अडली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मीटरच्या पोटात त्याचं खरंखोटं ठरवणारे आकडे असतात. कुणाचा चुकून धक्का लागून ते बदलू नयेत म्हणून त्यांच्यावर कुलूप असतं, लोखंडाचं नाही, हुकमाचं. गुप्त क्रमांक सांगून ते काढायचं, दुरुस्ती करायची, पुन्हा लावायचं. मीटरच्या भाषेत कुलूप लावायला ऑन आणि काढायला ऑफ. आपांच्या कागदावर लिहिलं होतं: 'सुरक्षा बंद करा.'

देशमान्यांनी ते दोनदा वाचलं. "बंद करा," ते स्वतःशी पुटपुटले, आणि त्यांनी ऑन पाठवलं. पुढचा हुकूम दिला. मीटर टीं करून ओरडला. कुलूप आहे, हात लावू नका. साहेबांनी पुन्हा तिसरी ओळ वाचली, पुन्हा मन लावून कुलूप लावलं, पुन्हा टीं. दारात अण्णांनी पाय बदलला. आपांनी पदराचं टोक दातात धरलं होतं आणि त्यांच्या घशातून एक बारीक आवाज येत होता, मीटरसारखाच.

साहेब वळले. "कागदाप्रमाणे केलं. होत नाही. मी हा दोष म्हणून लिहितोय. आता बोला."

"बंद म्हंजे ऑफ, साहेब," आपा म्हणाल्या. "लाइट बंद. पंखा बंद."

"आणि दार बंद? तिजोरी बंद? सुरक्षा बंद करा म्हणजे मी बंदोबस्तच केला ना?"

 चार मराठी माणसं आणि एक साधा मराठी शब्द, पण तो आम्हाला पेलेना. मी आपांच्या बाजूनं उठलो. आमच्याकडं असंच बोलतात साहेब, जळकोटपासून किनवटपर्यंत कुणालाही विचारा, असं काहीतरी मी सुरू केलं होतं. दिवसभर चालेल इतका वाद माझ्याकडे तयार होता. आपांनी हात वर करून मला थांबवलं.

"साहेबांचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "चूक माझ्या कागदाची हाय. इतकी वर्सं मीच लिहून राहिले, मीच वाचून राहिले, म्हणून दिसली न्हाई."

त्यांनी पेन काढलं, 'सुरक्षा बंद करा' यावर एक रेघ मारली, वर लिहिलं 'कुलूप उघडा', बाजूला सही केली. मग कागद साहेबांपुढे सरकवला आणि सांगितलं की आता फिरून करा, पैल्यापासून. साहेब म्हणाले तिसऱ्या ओळीपासून करतो. आपा म्हणाल्या, नक्को, पैल्यापासून. मीटरला पुन्हा नाव विचारावं लागलं. ते बदललेलं नव्हतं. मग पुन्हा तासभर थांबणंही आलं.

या वेळी कुलूप निघालं. आमच्या पक्क्या मापाच्या यंत्रातून बरोबर दहा व्होल्ट मीटरला दिले होते आणि मीटर नऊ पॉइंट नऊशे सत्त्याण्णव असं काहीतरी सांगत होता. साहेबांनी त्याला हुकूम दिला, खरी किंमत दहा. मग सवाल केला, झालं का? मीटर विचारात पडला. काही क्षण आतून बारीक टकटक ऐकू आली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. जवाब आला.

शून्य.

अण्णांनी मोठा सुस्कारा सोडला. "शून्य मार्क," ते म्हणाले, खरंच वाईट वाटल्यासारखं, आणि खिशातून फोन काढून त्या क्लासवाल्याला लावला. या, खोली मोकळी होऊन राहिली, म्हणेपर्यंत त्यांची मजल गेली.

"अण्णा," आपा म्हणाल्या, "फोन ठेवा. शून्य म्हंजे पास."

अण्णांना पटेना. शाळेपासून आजवर शून्याला पास झालेला त्यांनी कुणी पाहिला नव्हता. शेवटी देशमान्यांनीच त्यांना समजावलं की मीटर मार्क देत नाही, चुका मोजतो, आणि चुका शून्य आहेत. तोवर मीटरवर दहा उभे राहिले होते, पुढे शून्यांची रांग, आणि अगदी शेवटचा आकडा तेवढा लुकलुकत होता.  साहेब आपल्या अहवालात लिहिता लिहिता म्हणाले, "दोष सापडला. माझ्यासमोर दुरुस्त झाला. बाई, एरवी मला याच्यासाठी अर्धा दिवस भांडण ऐकावं लागतं." एवढं बोलून त्यांनी कोमट पाण्याचा घोट घेतला. त्यांच्या स्वभावात हा जल्लोषच असावा.

माझं म्हणाल तर मी बाहेर जाऊन व्हरांड्यात दोन उड्या मारल्या. आपल्या माणसानं भांडून जिंकलेलं मी पुष्कळ पाहिलंय. चूक कबूल करून जिंकलेलं पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याची नशा काही वेगळीच असते. तेवढ्यात क्लासवाले टेप घेऊन खोली मोजायला हजर झाले. अण्णांना त्यांना पेढे देऊन परत पाठवावं लागलं. कशाचे पेढे ते त्यांना अर्धा पेढा खाल्ल्यावर कळलं.

पुढे रीतसर मान्यतेचा शिक्का आला. संस्थेच्या सभागृहात आपांचा सत्कार झाला, शाल, नारळ, टाळ्या. माहूरहून ते दुकानदार मुद्दाम आले. देगलूरच्या कारखान्यानं भलामोठा हार पाठवला. अण्णा भाषणात म्हणाले की मराठवाड्याचे मीटर आता पुण्याला जाणार नाहीत, पुण्याचे इकडे येतील. हे जरा जास्त झालं, पण त्या दिवशी आम्हाला काहीच जास्त वाटत नव्हतं. मग भरात येऊन अण्णांनी माइकवरच जाहीर केलं, "आपा, मागा. काय पायजे ते मागा. आज न्हाई म्हणणार न्हाई."

आम्ही खाली बसून अंदाज बांधत होतो. नवा एसी मागतील. मोठं यंत्र मागतील. मी तर बढतीवर पैज लावायला तयार होतो.

आपा शाल सावरून उभ्या राहिल्या. "रविवारी प्रयोगशाळा उघडायची परवानगी द्या."

अण्णा हसले. "रविवारी गिऱ्हाईक कुठून येणार आपा?"

"गिऱ्हाईक न्हाई येणार. मी येईन." मग माइक असल्याचं विसरून त्या म्हणाल्या, "अम्मी गेल्यापासून घरी रविवार लई मोठा असतो, अण्णा."

 मला ठाऊक होतं की जुन्या शहरात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, भाऊ हैदराबादला असतो. एवढंच ठाऊक होतं. खोली गेली असती तर काय गेलं असतं, हे मला तिथं, त्या हारतुऱ्यांत बसून कळलं. अण्णा माइकपासून बाजूला झाले आणि सभागृहातच त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली आपांच्या हातात दिली. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

पुढच्या रविवारी मी आणि संगीता ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा बांधून घेऊन प्रयोगशाळेत गेलो. आपा एकट्याच होत्या, मीटरची तार नुकती जोडून राहिल्या होत्या. आम्हाला दारात बघून त्या इतक्या गडबडीनं उठल्या की स्टूल आडवं झालं. पदरानं टेबलाचा कोपरा पुसला, तारा गोळा करून एका बाजूला लोटल्या, संगीताचा हात धरून तिला एसीच्या झोतासमोर बसवलं, आणि मग स्वतः तिच्याजवळ बसल्या. संगीता बोलायला लागली की ऐकणाऱ्याला रात्र होते, आणि आपांसारखं ऐकणारं तिला आजवर कुणी मिळालं नव्हतं. भाकरी संपल्या, ठेचा संपला, मी दोनदा चहा आणला. उन्हं कलली तेव्हा आपांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्या खुदकन हसल्या. त्या रविवारी मीटर चालू करायचं राहूनच गेलं.